बहात्तरची भाकरी

दादा, परवा तुझ्या जलदानाच्या विधीत मायनं बौद्धाचार्यांचा हात धरला.

ते सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे. उद्याच्या गाडीनं मी नांदेडला परत जाणार, आणि सांगितल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही. तुझ्या लातूरच्या घरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीनं बसली होती. तुझा फोटो मांडला होता, कचेरीच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. गाल पार चौकटीला टेकलेत त्यात. बौद्धाचार्य गाथा म्हणत तांब्यातलं पाणी वाटीत ओतत होते. वाटी भरून खाली ताटात सांडेपर्यंत ते ओतायचं असतं, तुला माहीतच आहे, आबांच्या वेळी तूच पुढं बसला होतास. वाटी काठोकाठ आली आणि माय पुढं सरकली, त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बस करा. एवढं पाणी त्याला चालत न्हाई."

वैनीनं पदर तोंडात कोंबला. गेली तीन वर्षं मायनंच तुझं पाणी मोजलं होतं ना रे. अक्षर न येणारी बाई, पण दिवसाचे स्टीलचे चार पेले फळीवर ओळीनं मांडायची, आणि एकेक रिकामा झाला की पालथा घालायची. मी मागून म्हणाले, "माय, आता चालतंय त्याला." तिनं माझ्याकडं वळून पाहिलं नाही, पण हात सोडला. पाणी पुन्हा पडायला लागलं.

तू गेल्यापासून माय माझ्याशी बोलत नव्हती. तुला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी अंगणात सगळ्यांच्या देखत ती एवढंच बोलली होती, "दुष्काळात जगवला, आन सुकाळात हिनं उपाशी मारला." हिनं म्हणजे मी. माझ्यापाशी उत्तर होतं. पण तुला शब्द दिला होता, म्हणून तोंडाला कुलूप लावून उभी राहिले. दादा, तुझा राग आला मला तेव्हा. तू समोर आडवा पडलेला आणि मी तुझ्यावर चिडलेली. असं भांडण आपलं आयुष्यात झालं नव्हतं.

भांडण कशावरून, तर भाकरीवरून. आपल्या घरातलं दुसरं भांडण मला आठवतही नाही.

तू बहात्तरच्या दुष्काळात जन्मलास. आबा आणि माय मुरुडजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आणि पोटात तू. मिळायची ती मदतीची लाल मिलो ज्वारी, नाहीतर सुकडी. मायच्या म्हणण्याप्रमाणं तू धान्य मोजायच्या मापट्यात मावत होतास. सुपात ठेवला तर सुपाला वजन कळत नव्हतं. बायका यायच्या, बघायच्या आणि काही न बोलता जायच्या. तू जगलास, आणि तेव्हापासून मायनं एक भाकरी लावून धरली. पोटभर जेवण झालं, तू ताटावर हात आडवा धरलास, की ती हात बाजूला सारून आणखी एक भाकरी टाकायची. "ही बहात्तरची." तेव्हा पोटात गेली नव्हती ती. रोज एक, न चुकता. आपल्या घरात ताटावरच्या हाताला कधी किंमत नव्हती.

मी चार वर्षांनी झाले, पाऊसपाणी बरं असताना. मला ती भाकरी कधी मिळाली नाही. मागितली तर माय म्हणायची, तू सुकाळाची, तुझं काय राहिलंय? लहानपणी मला वाटायचं, आपणही दुष्काळात जन्मायला हवं होतं. तू त्यातली अर्धी मोडून हळूच माझ्या ताटात सरकवायचास. आता वाटतं, सगळीच सरकवायला हवी होतीस.

लातूर जिल्हा झाला तेव्हा तू नऊ-दहा वर्षांचा. त्याआधी एका कागदासाठी आबांना उस्मानाबादेला जावं लागायचं. नवा जिल्हा, नवी कचेरी, आणि त्या बांधकामावर आबा विटा वाहायला. एकदा त्यांनी तुला अर्धवट उठलेल्या भिंतीच्या आत उभं केलं आणि म्हणाले की आम्ही बाहेरून बांधतो, तू आत बसायचं. तू बसलास. लिपिक म्हणून नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मायनं दोन भाकऱ्या टाकल्या होत्या, एक बहात्तरची आणि एक नोकरीची.

अंग भरत गेलं आणि कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. उलट ज्याचा बाप खडी फोडायचा त्याचा पोरगा असा भरलेला, खुर्चीत न मावणारा, हे बघून आपल्या वस्तीत माणसं खूष व्हायची. रेणापूरकडच्या त्या गावातली गोष्ट तू किती वेळा सांगितलीस. नवे तहसीलदार काडीपैलवान, तू त्यांच्यामागं फायली घेऊन. गावकऱ्यांनी हार आणला आणि थेट तुझ्या गळ्यात घातला. साहेब शेजारी हात जोडून उभे. तुला हार काढावा की ठेवावा कळेना. आबा ही गोष्ट ऐकून इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा. मी लॅबमध्ये काम करणारी, मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं, पण मीही हसले. मलाही अभिमान वाटायचा.

मग ते वर्ष आलं, रेल्वेनं पाणी आलेलं. लातूरच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. तू कपड्यांचं गाठोडं घेऊन एसटीनं नांदेडला माझ्याकडं यायचास, कपडे धुवायला आणि अंघोळीला. शेजारणी विचारायच्या, भाऊ आलेत का, पाण्याची मोटार आज जास्त वेळ चाललीय. अशाच एका खेपेच्या आठवडाभर आधी तुझा फोन आला होता. "लॅबवाल्या बाई, हसणार नसाल तर एक विचारतो." मी म्हणाले हसणार. मग तू लाजत लाजत सांगितलंस की लघवीला साबणासारखा फेस येतोय आणि बराच वेळ मोडत नाही. टँकरच्या पाण्यानं होत असेल, असं तुझं अनुमान. लातुरात तेव्हा डोकं दुखलं तरी पाण्यावरच खापर फुटायचं. मी म्हणाले, ये, तपासू.

आता जे लिहिते ते तुला कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून दोन तांबे पाणी घटाघटा प्यालास. मी बघत होते. वर म्हणालास, "किडनी धुऊन घेतो, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल." मग तू नमुना दिलास, आणि तो नळाच्या पाण्यासारखा स्वच्छ होता. मी पट्टी बुडवली, प्रथिन गळत असेल तर हिरवी होणारी. पिवळीची जेमतेम हिरवट झाली, झाली की नाही असं वाटावं इतपत. इतकी वर्षं हेच काम केलेली मी. एवढं पाणी प्यालेल्या माणसाच्या नमुन्यात काही दिसत नाही, सकाळी उठल्या उठल्याचा नमुना मागायचा असतो, हे मी शिकाऊ मुलींना ओरडून सांगते. परका माणूस असता तर उद्या सकाळी या म्हणून परत पाठवलं असतं. पण तू होतास. अंघोळ करून, भांग पाडून, समोर उभा. मला तुझा रिपोर्ट चांगला यायला हवा होता. मी म्हणाले, काही नाही, बरं आहे. तू आनंदानं जेवलास, आणि मीच तुला वरची भाकरी वाढली. मायची पद्धत म्हणून.

दोन वर्षं गेली, दादा. ती दोन वर्षं मी खाल्ली.

तुझ्या कचेरीत आरोग्य शिबिर लागलं, रक्तदाब चढलेला निघाला, आणि तू पुन्हा माझ्याकडं आलास. या वेळी मी तुला मुक्कामी ठेवलं आणि सकाळचा पहिला नमुना घेतला. पट्टी गडद हिरवी झाली. मी ती दुसऱ्यांदा बुडवली, उगाच. तू दाराशी उभा राहून विचारलंस, दुखत तर काहीच नाही, पायावर सूज नाही, मग हे दुखणं कसलं? त्याचं हेच तर वाईट असतं, ते दुखत नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल ऐकायला आपण तिघं गेलो होतो. माय बाहेर बाकावर बसली, आपण दोघं पडद्याआड. डॉक्टर शांत माणूस. सांगितलं की किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात, आणि तुमच्या काही गाळण्यांवर व्रण धरलेत. सगळ्यांवर नाही, काहींवरच, आणि त्यांच्याही एखाद्या तुकड्यावर. पण जिथं व्रण झाला तिथं गाळणं बंद, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. मग त्यांनी तुझा जन्म विचारला. तू छाती काढून म्हणालास, "बहात्तरच्या दुष्काळातला." त्यांनी पेन खाली ठेवलं. जन्मताना वजन किती होतं? तू म्हणालास, मापट्यात मावत होतो म्हणतात.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं. गाळण्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जेवढ्या मिळाल्या तेवढ्यावर जन्म काढायचा, नंतर एकही वाढत नाही. फार लहान जन्मलेल्या मुलाला त्या कमी मिळालेल्या असू शकतात. पुढं अंग दुप्पट झालं की प्रत्येक गाळणीवर दोघींचं काम पडतं. ती ताणते, मोठी होते, आणि एक दिवस जे धरून ठेवायचं तेच गळायला लागतं. तोच फेस. आणि ताणून ताणून शेवटी व्रण. ते म्हणाले, हे नक्की असंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, प्रत्येक जाड माणसाला हे होत नाही. पण तुमच्या बाबतीत मला हेच दिसतंय, आणि वजन उतरलं तर गळणं कमी होऊ शकतं.

मायला बाकावर बसवून आपण बाहेर चहाच्या गाड्यावर आलो, आणि तू पहिली गोष्ट बोललास ती ही, "मायला सांगू नको." पाणी खराब होतं म्हण, बोअरचं म्हण, काहीही म्हण. "तिनं मला भाकरीनं जगवलंय. भाकरीनं मारलं असं तिच्या कानावर जायला नको. शब्द दे." मी दिला. चहात साखर नको असं तुला सांगायचं होतं, तेही विसरले.

त्यानंतरचं एक वर्ष मला फार आवडतं. तू गोळ्या वेळेवर घेतल्यास. पहाटे कचेरीच्या आवारात फेऱ्या मारायला लागलास, आणि मीठ, पापड, लोणचं सगळं सोडलंस. बहात्तरच्या भाकरीचं मात्र काही करता येईना, कारण मायला कारण सांगायचं नव्हतं. मग तू ती "डब्यात दे, दुपारी खातो" म्हणून घ्यायचास आणि कचेरीच्या फाटकावरच्या कुत्र्यांना घालायचास. वैनीनं मला चोरून फोनवर सांगितलं, तुमच्या भावाचं वजन कुत्र्यांना चढायलंय. बारा किलो उतरलास. पट्टीचा हिरवा रंग फिका झाला. मी त्या पट्टीचा फोटो काढून ठेवलाय, अजून आहे माझ्या फोनमध्ये. डॉक्टरही खूष होते, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं की झालेले व्रण परत जाणार नाहीत, उरलेलं जपायचं.

उरलेलं फार नव्हतं. आधीच उशीर झाला होता. मी दोन वर्षं म्हणते ते यासाठी.

डायलिसिसच्या मशीनवर गेल्यावर तू झरझर वाळलास, आणि मायला ते बघवेना. तिच्या हिशोबी माणूस वाळतो तो भुकेनंच. मी आले की तिला धाक पडायचा, कारण मी हे नको, ते नको सांगणारी. पाण्याचे पेले मीच ठरवून दिलेले. ती एकदा म्हणाली, "तू माझ्या घरात दुष्काळ आनलास." तू पलंगावरून माझ्याकडं बघितलंस आणि भुवयांनीच गप्प राहा म्हणालास.

आपलं शेवटचं भांडण तुला आठवत असेल. मशीन चालू होती, मी शेजारी स्टुलावर. तू म्हणालास, वजनानं किडन्या जात असत्या तर गावातले सगळे ढेरपोटे आधी गेले असते, आणि बघ, पलीकडच्या खाटेवरचा माणूस वाळलेल्या शेंगेसारखा आहे. मी म्हणाले, रोग काय एकाच वाटेनं येतो? तू हसलास. मग डोळे मिटून म्हणालास, "तुझं खरं मानलं तर मायची भाकरी खोटी ठरती. म्हणून मी मानत न्हाई." नांदेडला परतताना गाडीत मला उत्तर सुचलं, पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढच्या खेपेला तू बोलण्याच्या पलीकडं होतास.

ते उत्तर आज सकाळी द्यावं लागलं, दादा, पण तुला नाही.

पाहुणे कालच पांगले. सकाळी मी पिशवी भरत होते. माय स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मला हाक मारली, जेवून घे म्हणाली. मी ताट घेऊन खाली बसले. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या दिवशी डाक्टर मापट्याचं काय म्हनत व्हता?"

माझा घास हातातच राहिला. ती बाकावर नव्हती, दादा. पडद्याशी उभी होती. अर्धंमुर्धं तिनं तेव्हाच ऐकलं होतं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. तू तिच्यापासून लपवलंस, तिनं तुझ्यापासून. आणि मी मधल्यामधे कुलूप लावून बसलेली.

"बहात्तरच्या भाकरीनं गेला का त्यो?" तिनं विचारलं.

मी तुला दिलेला शब्द आठवला. पाणी खराब होतं, असं ओठावर आलं होतं. पण तिनं भाकरी उलटली नव्हती, ती करपत होती, आणि माय माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "त्या भाकरीनं त्यो जगला, माय. पन्नास वरसं जगला." ती म्हणाली, ते मला ठावं हाय, गेला कशानं ते सांग. मग मी सांगितलं. दुष्काळानं त्याला गाळण्याच कमी दिल्या होत्या. त्यांच्यावर अंगाचा बोजा पडला, त्यात भाकरी होती, मीठ होतं, दिवसभराची खुर्ची होती. आणि मग मी ते दोन तांबे पाणी सांगितलं, ती पट्टी सांगितली, बरं आहे म्हणाले तेही सांगितलं. तुला न सांगितलेलं तिला सांगितलं. मी रडत होते, पण बोलायचं थांबले नाही.

मायनं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. हातावरचं पीठ झाडलं. मग म्हणाली, "म्हंजी दोघींनी."

मी म्हणाले, "हाव माय. दोघींनी. मायेपायी."

तिनं मान हलवली. रागावली नाही. मला वाटतं तिला एकटीनं ते वाहायचा कंटाळा आला होता, मलाही आला होता. दादा, मी शब्द मोडला. तू असतास तर चिडला असतास, दोन दिवस फोन उचलला नसतास, आणि तिसऱ्या दिवशी लॅबवाल्या बाई म्हणून स्वतःच फोन केला असतास. तुझं त्या दिवशीचं बोलणं मला आता मान्य आहे, मायची भाकरी खोटी नव्हती. पण माझंही खोटं नव्हतं. गाडीत सुचलं होतं ते एवढंच.

माझं जेवण होत आलं. मायनं दुसरी भाकरी भाजली, पदरानं धरली आणि माझ्या ताटावर आणली. आयुष्यात पहिल्यांदा, सुकाळात जन्मलेल्या लेकीच्या ताटावर. सवयीनं मी हात आडवा धरला.

माय थांबली.